रांजणातला हात

कलामेळ्याचा कागद शाळेच्या भिंतीवर चिकटला आणि त्या दिवसापासून थोरलीला घासभर अन्न गोड लागेना. मेळा दर वर्षीचाच. पाऊस संपला, पिकं घरात आली, हवेत कोरडा गारवा सुटला की शाळेच्या मैदानात मांडव पडायचा. गाणारे, विणणारे, लाकूड कोरणारे, नाटकवाले, सगळे जमायचे. आणि मांडवाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं, एक चाक मांडलेलं असायचं. त्या चाकावर तीस वर्षं थोरलीचा सासरा बसत आला होता. लोक गाणं सोडून त्याची बोटं बघायला यायचे.

चैत्रात म्हाताऱ्याचा उजवा हात लुळा पडला. जीभही थोडी जड झाली. मग यंदा चाकावर कोण?

मेळ्याचा कारभार बघणाऱ्या मास्तरांनी सरळ तोड काढली होती. "तुमच्या दोन्ही घरांतून एकेक मोठा रांजण आणा. जो उजवा ठरेल, त्याच्या करणारणीने चाकावर बसायचं. आणि तिनंच हिवाळाभर कलाघरात पोरींना शिकवायचं."

दोन्ही घरं म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे. मधे कमरेएवढी भिंत. अलीकडे थोरली, तिचा नवरा आणि सासरा. पलीकडे धाकटी आणि तिचा नवरा. दोघा भावांचा हात मातीत कधी बसलाच नाही. ते माती आणायचे, लाकडं फोडायचे, माल पोचवायचे. मातीतली अक्कल उतरली ती दोन सुनांत, आणि म्हाताऱ्याने दोघींना शेजारी शेजारी बसवून शिकवलं. भट्टी मात्र अजून एकच होती, मागच्या अंगणात, दोघींची.

थोरलीला तो मान हवा होता. नुसता हवा नव्हता, तिच्या जिवाला लागला होता. सतरा वर्षं तिने माती तुडवली, आणि बाजारात लोक म्हणायचे, "म्हाताऱ्याच्या घरचं मडकं." तिचं मडकं असं कुणी कधी म्हणालं नाही. धाकटी तिच्यामागून सहा वर्षांनी आलेली, जिभेने तिखट, हाताने चपळ. थोरलीला ती पहिल्यापासून डोळ्यात खुपायची. धाकटीनेही तिच्याशी फारसं गोड करून घेतलं नव्हतं, हे खरं.

थोरलीने रांजणाला हात घातला तेव्हापासून भिंतीपलीकडची प्रत्येक हालचाल तिला काहीतरी सांगायला लागली. धाकटी खोकली, म्हणजे आपला रांजण किती उंच गेला ते बघून नवऱ्याला खूण केली. धाकटी गप्प, म्हणजे काहीतरी शिजतंय. धाकटीने एकदा भिंतीवरून मान काढून विचारलं, "ताई, तुमची चाळणी देता का जरा?" तेव्हा थोरलीने आधी रांजणावर ओलं फडकं टाकलं आणि मग चाळणी दिली.

"झाकता कशाला? मी काय दृष्ट लावणार आहे?" धाकटी म्हणाली.

"माशा बसतात."

"मातीवर?"

चाळणी परत आली तेव्हा तिने ती उजेडात धरून बघितली, एखादी तार तोडली तर नाही ना. तार शाबूत होती. त्याचाही तिला संशय आला.

नवरा जेवताना हसला. "अगं, चाळणीच आहे ती. तिच्यात भोकं असायचीच."

"तुम्हाला कळत नाही. ती मला पाण्यात बघते."

"आणि तू तिला कशात बघतेस?"

थोरलीने भाकरी त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली.

रांजण मात्र झाला झकास. मांडीएवढा उंच, पोट भरलेलं, गळा आखूड आणि काठ एकसारखा. आतून गुळगुळीत दगड धरून बाहेरून थापीने थापटता थापटता तिच्या मनगटाला सूज आली, पण भिंत सगळीकडे सारखी उतरली. म्हातारा खाटेवर बसून बघत होता. त्याचा मेलेला उजवा हात मांडीवर पडलेला, डावा हात नुसताच बोटं उघडमीट करत होता.

"मामंजी, कसा झालाय?"

म्हाताऱ्याने मान हलवली. जड जिभेने म्हणाला, "बूड... जपून वाळव."

"नऊ दिवस देणार आहे."

"हं." मग म्हणाला, "मला... गोळाभर माती दे."

"कशाला हो?"

"हाताला चाळा."

तिने मूठभर माती मळून दिली आणि विसरून गेली. म्हाताऱ्याच्या चाळ्याकडे लक्ष द्यायला तिला सवड कुठे होती? तिचे दोन्ही डोळे भिंतीवर होते.

ऊन चांगलं पडत होतं, पण सकाळी दव इतकं यायचं की अंगणातल्या दोरीवरचे कपडे पिळून निघावेत. रांजण ती संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी बाहेर काढायची, आणि दर खेपेला त्याला गाल लावून बघायची. ही त्या घराची जुनी रीत. वाळलेली माती गालाला कोमट लागते. आत ओल असली तर गार लागते. हाताला ते कळत नाही, हात निबर झालेले असतात. गाल खोटं बोलत नाही.

आणि रीत एवढ्यावर थांबत नव्हती. भट्टी पेटवायच्या आधी थोरलीची भांडी धाकटीने गालाला लावायची, धाकटीची थोरलीने. मोठ्या भांड्यात खांद्यापर्यंत हात घालून बूड चाचपायचं, कारण बूड सगळ्यात शेवटी वाळतं. म्हातारा म्हणायचा, "आपलं पोर कुणाला काळं दिसत नाही. म्हणून दुसऱ्याला दाखवायचं." एक ओलं भांडं भट्टीत गेलं तर ते वाफेने फुटतं, आणि एकटं फुटत नाही, शेजाऱ्यांना घेऊन जातं. दोन सुना एकमेकींशी महिना महिना बोलल्या नव्हत्या अशीही वर्षं गेली, पण गाल लावायचा कधी चुकला नव्हता.

दोघा भावांनी आदल्या दिवशी भांडी भट्टीत रचली. दोन्ही रांजण मधोमध, तोंडं वर करून, भोवती धाकटीचे वाडगे आणि पार कडेला थोरलीच्या पणत्या. सकाळी सूर्य वर आला तशी धाकटी पदर खोचून भट्टीपाशी आली. आधी थोरलीने धाकटीचा रांजण तपासला. गाल लावला, हात घातला, बूड चाचपलं, पुन्हा गाल लावला. चांगला वाळला होता. चांगला झालाही होता, आणि ते तिला फारसं सोसलं नाही.

"आता सरका," धाकटी म्हणाली. "तुमचा बघते."

"राहू दे."

"म्हणजे?"

"माझा मी बघितलाय."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "ताई, रीत आहे ती."

"असेल. माझ्या रांजणाला तू हात लावायचा नाहीस."

"का? काय करणार आहे मी?"

थोरलीच्या मनात होतं ते तोंडावर आलं. "काठाला नख लागायला वेळ लागत नाही. कच्चं भांडं आहे. उद्या चीर पडली तर तू म्हणशील भट्टीत पडली."

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीचा नवरा लाकडं टाकून म्हणाला, "अगं, काय बोलतेस तू?" धाकटीचा नवरा खाली बघत राहिला. खाटेवर म्हातारा काहीतरी बोलायला धडपडला, पण त्याची जीभ लवकर वळत नव्हती, आणि तेवढा वेळ थांबायला कुणी तयार नव्हतं.

"ठीक आहे," धाकटी म्हणाली. "मग तुम्हीच लावा गाल. आमच्या डोळ्यांदेखत लावा."

सगळे बघतायत म्हटल्यावर थोरलीला राग आला. ती वाकली, रांजणाच्या पोटाला गाल टेकवला न टेकवला, आणि उठली. "कोरडा आहे. पेटवा."

पेटवली. सकाळभर मंद आच, मग हळूहळू लाकूड वाढवायचं. थोरली भट्टीच्या तोंडाशी बसून राहिली. धाकटी दुसऱ्या बाजूला. दोघींच्या मधे धूर. धाकटी लाकूड सारायला उठली की थोरली मोजायची, किती सारली, कुठल्या बाजूला सारली. माझ्या बाजूला जास्त आच देते की काय? तिने गुपचूप दोन लाकडं ओढून घेतली.

दुपार कलली आणि भट्टीच्या पोटात दाबल्यासारखा आवाज झाला. धप्प. सगळ्यांनी माना वर केल्या. लगेच दुसरा, मोठा, आणि मागोमाग खापऱ्या घसरल्याचा खळखळाट.

भट्टी चालू असताना उघडता येत नाही. आत काय झालं ते दोन दिवसांनीच कळणार. ते दोन दिवस थोरली जेवली नाही, आणि धाकटीच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला की दात आवळून बसायची.

तिसऱ्या दिवशी धाकटी अगोदरच उठून भट्टीपाशी गेली होती आणि कडेची राख ओढत होती. थोरली धावत आली. वरची झाकणाची खापरं काढली. धाकटीचा रांजण उभा होता, तांबूस, टणक, काठाचा नुसता एक टवका उडालेला. आणि त्याच्या शेजारी थोरलीच्या रांजणाच्या जागी ढीग. नुसता ढीग. आसपासचे वाडगेही चक्काचूर.

थोरलीने त्यातलं एक खापर उचललं. मग तिचं लक्ष धाकटीकडे गेलं. धाकटीने उजवी मूठ घट्ट मिटली होती आणि ती मागे नेत होती.

"मुठीत काय आहे?"

"काही नाही."

"दाखव."

"माझं नशीब आहे. दाखवत नसतात ते." असं म्हणून धाकटी भिंत ओलांडून गेलीसुद्धा.

झालं. थोरलीला आणखी काय हवं होतं? पुरावा होता म्हणून तर लपवला! दुपारी मास्तर रांजण बघायला आले, त्यांच्या मागून दहाबारा माणसं आली, आणि थोरलीने सगळ्यांसमोर तोंड सोडलं.

"हिचे वाडगे ओले होते, मास्तर. मुद्दाम माझ्या रांजणाला खेटून ठेवले. तिचा रांजण कसा काय राहिला उभा? माझाच कसा गेला? आणि सकाळी माझ्याआधी येऊन काय उचललंन ते विचारा तिला!"

मास्तर अवघडले. "काय हो, खरं का?"

धाकटी दारात उभी होती. ती काही बोलेना. एरवी एकाला चार उत्तरं देणारी बाई, पण तिने नुसतं एकदा खाटेकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे, आणि खाली मान घातली.

"बघा! तोंड आहे का तिला?" थोरली म्हणाली.

गर्दीतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "भाऊबंदकी ती. आता मडक्यातही शिरली." कुणीतरी हसलं. धाकटीचा नवरा बायकोला म्हणाला, "बोल ना काहीतरी!" ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. मास्तर म्हणाले, परवापर्यंत ठरवू, आणि चष्मा पुसत निघून गेले.

थोरलीला त्यावर समाधान नव्हतं. नुसता आरोप करून भागणार नाही, दाखवून द्यायला हवं. तिने भट्टीतली सगळी खापरं अंगणात आणली, पोतं अंथरलं आणि जुळवायला बसली. एक ढीग रांजणाचा, एक वाडग्यांचा. कुठला वाडगा पहिला फुटला ते खापरांवरून कळतं. जो स्वतः फुटतो त्याची भिंत पापुद्र्यासारखी सुटते, जो दुसऱ्याच्या धक्क्याने फुटतो त्याची कड सरळ निघते. हे सासऱ्यानेच शिकवलेलं.

दुसरा अख्खा दिवस ती बसली. पाठीला कळ लागली, बोटांना चिरा पडल्या. नवऱ्याने दोनदा पाणी आणून ठेवलं आणि एकदा म्हणाला, "सोड आता."

"सोडते. एकदा तिचं पितळ उघडं पडू दे."

संध्याकाळी वाडगे सगळे जुळले. एकूणएक कड सरळ. एकही स्वतःहून फुटला नव्हता. थोरलीने ते पुन्हा तपासले, डोळ्यांशी धरून, चिडून. मग रांजणाकडे वळली. रांजणाचं बूड जुळवताना तिला दिसलं की त्याच्या आतल्या अंगाला पापुद्रे चिकटलेत. आतल्या. बाहेरून काही आलंच नव्हतं. जे फुटलं ते रांजणाच्या पोटात फुटलं होतं.

पोत्यावर काही खापरं उरली होती. ती ना रांजणाची होती ना वाडग्यांची. जाड, भरीव, बेढब तुकडे. एक पाय. एक पाठीचा तुकडा, वशिंडासकट. आणि एक शिंग.

बैल! मातीचा, मुठीएवढा, आतून पोकळ न केलेला, म्हणजे पोटात ओल राहणारच असा बैल.

तिने शिंग उजेडात धरलं. चिमटीने ओढून काढलेलं, वाकडंच. त्यावर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशात नखाची उभी रेघ, मधोमध फाटल्यासारखी. या घरात उभं फाटलेलं नख एकाच अंगठ्याला होतं. कुऱ्हाड निसटली होती त्याच्यावर, वीस वर्षांमागे. डाव्या हाताचा अंगठा.

तिने मान वर केली. म्हातारा खाटेवरून तिच्याकडेच बघत होता. बहुतेक दिवसभर तसाच बघत असावा.

"मामंजी?"

"मीच... ठेवला. रचून झाल्यावर. संध्याकाळी."

"माझ्या रांजणात?"

"दर साली... मेळ्यात... माझा एक बैल असतो. टेबलावर." त्याने लाळ पुसली. "आता पुढल्या साली... कुणी बघितलंय? म्हटलं, तू बूड चाचपशील. धाकटी चाचपेल. ओला असला तर... काढतील."

"पण पोकळ का नाही केलात? तुम्ही!"

म्हाताऱ्याने मेलेला हात डाव्या हाताने उचलून दाखवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "पोकळ करायला... दोन हात लागतात."

थोरली तिथेच बसून रडली. रांजणासाठी रडली की म्हाताऱ्यासाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग तिला भट्टी पेटवली ती सकाळ आठवली. माझ्या रांजणाला तू हात लावायचा नाहीस. धाकटीने हात घातला असता, अगदी खांद्यापर्यंत, आणि बोटांना बैल लागला असता. तिने तो बाहेर काढून चारचौघांत फिदीफिदी हसून दाखवला असता, थोरलीला राग आला असता, आणि रांजण आज उभा असता. काखेत कळसा म्हणतात तो हा! धाकटीच्या नावाने गाव गोळा केलं, आणि भोक आपल्याच घरात.

तिने बैलाचे तुकडे फडक्यात बांधले. रात्रभर तिच्या डोक्यात एकच होतं. खरं सांगितलं तर उद्या मांडवात लोक म्हणणार, म्हाताऱ्याला ओलं-कोरडंही कळेनासं झालं. तीस वर्षांची पत एका बैलापायी जाणार. न सांगितलं तर धाकटी जन्मभर चोर. गप्प बसलं तर मास्तर कदाचित आपल्यालाच चाकावर बसवतील, असंही एकदा तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला स्वतःचीच शिसारी आली.

मास्तर आले तेव्हा तीच दहाबारा माणसं मागे होती. गंमत बघायला उलट दोन वाढली होती. थोरली अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मी बोलले ते खोटं होतं," ती म्हणाली. "वाडगे कोरडे होते. ओली वस्तू माझ्याच रांजणात होती. धाकटी तपासायला आली, मी तिला तपासू दिलं नाही. मी आत हात घातला नाही. गालसुद्धा नीट लावला नाही."

"कसली वस्तू?" मास्तरांनी विचारलं.

"माझीच. माझी चूक."

खाटेवर म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

लोक कुजबुजले. परवाची म्हातारी म्हणाली, "कुंभाराची सून, कधी ना कधी उकिरड्यावर यायचीच," आणि यावेळी जास्त लोक हसले. थोरलीने ते सगळं ऐकून घेतलं. धाकटी दारात उभी होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"चाकावर धाकटी बसेल," थोरली म्हणाली. "टवका उडालाय, पण रांजण तिचाच उजवा आहे. फुटला नसता माझा, तरी..." हे शेवटचं तिला पुरं करता आलं नाही.

"मग माती कोण मळून देणार मला?" धाकटीने दारातूनच विचारलं. "चाकावर बसणाऱ्याला मळणारं माणूस लागतं. हे दोघे भाऊ मळतात त्यात खडे निघतात."

सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे वळल्या. मेळ्यात, एवढ्या लोकांपुढे, धाकट्या जावेच्या पायाशी बसून माती मळायची!

"मी मळीन," थोरली म्हणाली.

आणि मेळ्याच्या दिवशी मळली. मांडव खच्चून भरला होता, पलीकडे कुणी ढोल जुळवत होतं, विणकरणी आपले माग सोडून बघायला आल्या होत्या. धाकटी चाकावर बसली, थोरली खाली, गुडघ्यांवर, कोपरापर्यंत मातीत. एकेक गोळा मळून ती वर द्यायची आणि मान वर करायची नाही. म्हातारा पुढच्या ओळीत खुर्चीवर होता. धाकटीच्या बोटांतून भांडं वर चढलं तेव्हा त्याचा डावा हातही मांडीवर हळूहळू वर चढत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीच्या छातीत कळ उठली, खोटं कशाला बोला.

धाकटीने भांडं दोऱ्याने कापून बाजूला ठेवलं, हात पुसले आणि कमरेला खोचलेल्या चिंधीतून काहीतरी काढून थोरलीच्या मातीच्या तळव्यावर ठेवलं. शिंग. दुसरं. त्यावरही नखाची उभी रेघ.

थोरलीने शिंग उलटून बघितलं. "हे त्या सकाळी तुझ्या मुठीत..."

"राखेत सापडलं."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मी तुला चारचौघांत नको नको ते बोलले, आणि तू..."

"मामंजी समोर बसले होते," धाकटी म्हणाली. "त्यांच्या देखत कसं सांगायचं?"

"मग मला सांगायचंस! एकटीला. भिंतीवरून. एक शब्द!"

धाकटीने चाक पायाने फिरतं केलं आणि हात पुढे केला, पुढच्या गोळ्यासाठी.

"तुम्ही ऐकलं असतं, ताई?"

चाक रिकामंच फिरत होतं. थोरलीने शिंग कमरेला खोचलं, डोळे दंडाला पुसले आणि माती मळायला घेतली.